बाईच्या नावाच्या खापऱ्या

आमच्या मेगारात सभेपुढे बोलायचं तर आवाज मोठा लागतो आणि लाज कमी लागते. देक्सोनकडे आवाज होता. लाज मात्र जरा जास्तच होती. त्यामुळे तो उभा राहिला की आधी घसा खाकरायचा, मग आजोबांनी गावासाठी काय काय केलं ते सांगायचा, मग एकेका देवाला हाक मारायचा. तो मुद्द्याला येईपर्यंत निम्मी सभा भिंतीपाशी मोकळी होऊन परत आलेली असायची.

हे मी ऐकीव सांगते. बायकांना सभेत जाता येत नाही. पण सभेच्या कुंपणाबाहेर लसूणवाल्या बसतात आणि आत काय झालं ते आतल्यांच्या आधी त्यांना कळतं. मी त्यांच्यात बसायची. माझं नाव आक्रिस, म्हणजे नाकतोडी. पाय पाहून ठेवलेलं आहे. दारूच्या बैठकांत जोडपावा वाजवणं हा माझा धंदा, आणि राहायला मी मेलिन्नाच्या घरी होते.

मेलिन्ना बिझँटिऑनची. खारवलेल्या कुपा माशांच्या जहाजातून आली, त्यामुळे पहिला महिनाभर मांजरं तिच्या मागे फिरत होती. आमच्याकडे अशा बाईला सोबतीण म्हणतात: लग्नाची नाही, बाजारातलीही नाही, स्वतःच्या घरात राहणारी आणि कोणाला आत घ्यायचं ते स्वतः ठरवणारी. दिसायला बरी होती, पण नाक रुंद, आणि पुढच्या एका दातावर दुसरा चढलेला. हसली की तो दात आधी दिसायचा. तो बघायलाच पुरुष यायचे असं मला वाटतं.

देक्सोनला एकदा त्याचे मित्र आमच्याकडे बैठकीला घेऊन आले. बायको वारून बरीच वर्षं झालेली, लोकरी अंगरख्यांचा मोठा कारखाना, दाढीला बचकाभर तेल. दुसऱ्या दिवशी त्याला सभेत कारंज्याच्या फुटलेल्या नळाबद्दल बोलायचं होतं. कोणीतरी थट्टेत म्हणालं, इथेच म्हणून दाखव. तो खरंच उठला. मेलिन्ना ऑलिव्ह खात ऐकत राहिली. वाटी संपली तरी हा आजोबांपाशीच.

"झालं का?" तिने विचारलं.

"छे, ही प्रस्तावना होती."

"मग उरलेलं माझ्या मयताला म्हण."

सगळे हसले. मला वाटलं हा आता चप्पल घालून निघणार. पण तो तिथेच उभा राहिला आणि गंभीरपणे म्हणाला, "मग कसं म्हणू?"

"पाणी येत नाही हे सांगायला आजोबा कशाला लागतात? म्हणावं, माझी मोलकरीण सकाळी घागर घेऊन जाते आणि दुपारी रिकामी घेऊन येते. मी कित्येक दिवस अंघोळ केलेली नाही. पुढच्या रांगेतल्यांना ते एव्हाना कळलंच असेल. एवढं बोल आणि बस खाली."

"आणि देव?"

"देवांना नळ दुरुस्त करता येत नाही. गवंड्याला येतो."

तो दुसऱ्या दिवशी तसंच बोलला. पुढची रांग नाक धरून हसली आणि नळाचं काम तिथल्या तिथे मंजूर झालं. संध्याकाळी देक्सोन आमच्या दारात, हातात कारखान्यातला सगळ्यात उत्तम अंगरखा, आणि चेहऱ्यावर असं हसू की जणू नळ त्याने स्वतःच्या हाताने जोडला. त्यानंतर तो रोजच यायला लागला. महिन्याभरात इतर पुरुषांसाठी आमचं दार बंद झालं.

मी तिला विचारलं, "बाई, त्याच्यात काय पाहिलंस? नाक तर तुझ्याहून वाईट आहे."

"तो ऐकून घेतो गं," ती म्हणाली. "आणि ऐकलेलं पटलं की त्याला आनंद होतो. असला पुरुष तू कुठे पाहिलास?"

मी आठवून पाहिलं. नव्हता पाहिला.

पुढच्याच वर्षी सीमेवरच्या कुरणाचं भांडण निघालं. ते कुरण देवीचं, म्हणून कोणाचंच नाही, म्हणून आमचं, असं आम्ही म्हणतो. अथेन्सवालेही हेच म्हणतात. त्यांच्या मेंढ्या तिथे चरल्या, आमच्या लोकांनी मेंढपाळांना झोडपलं, त्यांनी आमची डुकरं पळवली. गावात थ्रासिलास नावाचा पुढारी होता. ढाली आणि भाले बनवायचा कारखाना त्याचा, त्यामुळे गावाच्या अब्रूची त्याला फार काळजी. तो सभेत गरजला: युद्ध करा!

देक्सोन उठून म्हणाला, "करूया. फक्त आधी मला सांगा, पुढच्या वर्षी आपली लसूण कोण विकत घेणार? आपण एकमेकांना विकून एकमेकांच्या तोंडाचा वास घेत बसणार का?" आणि खाली बसला. लोक हसले आणि हात वर करून युद्ध नाकारलं.

थ्रासिलासला ते फार लागलं. सभेतून बाहेर पडताना तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ही अक्कल त्या बैलाची नाही. पलंगावरून आलीय."

आणि त्याचं हे वाक्य नळाच्या पाण्यापेक्षा वेगाने घराघरांत पोचलं. गाव मेलिन्ना चालवते, गलबत कधी सुटायचं ते मेलिन्ना ठरवते, देक्सोनचा अंगरखासुद्धा तीच निवडते! यातलं शेवटचं खरं होतं. बाकीचं म्हणाल तर ती त्याला रोज काय सांगायची ते मी या कानांनी ऐकलंय: दाढीला तेल कमी लाव, आणि जेवताना बोलू नकोस.

पण गावाला ठरवायचं होतं, गावाने ठरवलं. सकाळ झाली की आमच्या दारात रांग. एकाला शेजाऱ्याची भिंत पाडायची असे, एकाला उत्सवाच्या गायकांत मुलाची वर्णी लावायची असे. मेलिन्ना ओरडून सांगायची, "अरे बाबांनो, माझं कोणी ऐकत नाही! माझं कुत्रंसुद्धा ऐकत नाही!" लोक डोळे मिचकावायचे आणि वाम मासा, अंजीर, डुकराचं पिल्लू असं काही ना काही ठेवून जायचे. परत केलं तर म्हणायचे, कमी पडलं वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी दोन आणायचे. मग आम्ही परत करणं सोडलं. त्या हिवाळ्यात मी पहिल्यांदा जाड झाले.

द्राक्षांच्या उत्सवात नकला झाल्या. नकला मुळात आम्ही मेगारावाल्यांनी काढल्या, अथेन्सवाले काहीही म्हणोत. एक दांडगा गडी कुल्ल्यांना उशा बांधून मेलिन्ना झाला होता आणि त्याच्या मागे दोरीने बांधलेला देक्सोन, डुकरासारखा चार पायांवर. "उजवीकडे मत दे!" गडी म्हणायचा, की देक्सोन उजवीकडे वळून पादायचा. मेलिन्ना माझ्या शेजारी उभी राहून इतकी हसली की तिला धरावं लागलं. देक्सोन मात्र पांढरा पडला.

"तुला हसू येतं?" घरी आल्यावर तो म्हणाला.

"उशा फार छान बांधल्या होत्या. माझ्या इतक्या असत्या तर!"

"अगं, मी चार पायांवर होतो!"

"तू नव्हतास रे, तो कुंभाराचा मेहुणा होता."

तिला कळलंच नाही की त्याला खरंच लागलंय. मला कळलं, पण जोडपावा वाजवणारीला कोणी विचारत नाही.

वसंतात थ्रासिलासने खापऱ्यांची मागणी केली. आमच्याकडे वर्षातून एकदा गावाला असं करता येतं: ज्याचा जाच वाटतो त्याचं नाव फुटक्या मडक्याच्या तुकड्यावर कोरायचं, ज्याच्या नावाच्या खापऱ्या जास्त त्याने दहा वर्षं गाव सोडायचं. गुन्हा लागत नाही, खटला लागत नाही. नुसतं नकोसं होणं पुरतं. थ्रासिलासला देक्सोन घालवायचा होता हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. पण महिनोन्‌महिने तो बोलला काय? की देक्सोन नुसता बाहुला आहे, खरी कीड ती बाई आहे, गाव वाचवायचं तर ती बाई गेली पाहिजे. बोलत राहिला, बोलत राहिला, आणि लोकांना ते पटलं. इतकं पटलं, की खापऱ्यांच्या दिवशी त्याच्याच माणसांनी, डोंगरावरच्या डुकरवाल्यांपासून मिठागरवाल्यांपर्यंत सगळ्यांनी, मन लावून कोरलं: मेलिन्ना.

खापऱ्या बाजारात सगळ्यांसमोर मोजतात. मी लसणीच्या टोपल्यांवर चढून बघत होते. ढीग पडत गेले आणि एक ढीग नुसता वाढतच चालला. मुख्य पंच म्हातारा, कानाने अधू. त्याने सगळ्यात मोठ्या ढिगातली एक खापरी डोळ्यांपाशी धरली.

"मेलिन्नोस? हा कोण? कोणाचा मुलगा?"

"मेलिन्ना, काका," दुसरा पंच त्याच्या कानात ओरडला. "बाई आहे!"

"कोणाची आई?"

"आई नाही, बाई! देक्सोनची सोबतीण!"

"मग खापरीवर काय करतेय?"

यावर बराच वेळ गोंधळ झाला. काही म्हणाले, बाई तर बाई, घाला बाहेर. काही म्हणाले, ती मुळात गावची नाही, तिला गावाबाहेर कसं घालणार? शेवटी दगडावर कोरलेला कायदा वाचून घेतला. त्यात होतं, 'गावचा जो पुरुष'. म्हाताऱ्या पंचाने हात झटकले आणि तो ढीगच्या ढीग बाद करून बाजूला लोटला. उरलेल्यांत सगळ्यात मोठा ढीग कोणाचा? थ्रासिलासचा. ज्यांना युद्ध नको होतं त्यांनी मुकाट्याने येऊन त्याचं नाव कोरलं होतं. त्याच्या सासरच्यांनीही कोरलं होतं म्हणे, पण ते त्यांचं घरचं. देक्सोनचा ढीग तिसरा, बिचारा, टोपलीभर.

थ्रासिलास ओरडत राहिला, "अरे गाढवांनो, बाईच्या नावाने मी तुम्हाला देक्सोन सांगत होतो!" पण कायदा तो कायदा. तो बायकामुलं आणि सामान घेऊन कोरिंथला गेला.

आमच्या घरी जल्लोष. मी गाल दुखेपर्यंत वाजवलं. पण देक्सोन प्याला तोंडाला न लावता कोपऱ्यात बसलेला.

"अरे, वाचलास की!" मेलिन्ना म्हणाली. "तोंड का असं?"

"माझ्या नावाच्या किती होत्या?"

"टोपलीभर. मी बघून आले," मी म्हणाले. मला वाटलं त्याला बरं वाटेल.

"टोपलीभर." तो उठला. "मी इतकी वर्षं या गावासाठी घसा फोडतोय. आणि हाकलून द्यायची वेळ आली तर लोकांना आठवते कोण? तू! मी नाही. तू! माझा राग करायलासुद्धा मी तिसरा!"

मेलिन्ना हसली. हसायला नको होतं.

"हास! सगळं गाव हसतंय. पण आता बघशील. आता मी माझ्या डोक्याने बोलणार आहे. त्या कुरणाचं मी बघतो. युद्धाचा ठराव मीच मांडणार."

"काय?" तिचं हसू तिथेच थांबलं. "अरे, पण तुला युद्ध नकोय."

"मला काय हवंय ते तू सांगू नकोस!" आणि तो गेला.

ती पलंगावर बसली. मी पावा पुसत होते. मग ती हळू आवाजात म्हणाली, "बिझँटिऑनला वेढा पडला तेव्हा मी लहान होते. शेवटी शेवटी आई पट्ट्यांचं चामडं उकळून द्यायची. भाऊ तटावर गेला, त्याची नुसती एक चप्पल परत आली. ते वेढ्याचं भांडणही असंच होतं. एका कुठल्यातरी माणसाला कोणीतरी हसलं होतं."

दुसऱ्या दिवशी ती त्याच्या कारखान्यावर गेली. त्याने आत घेतलं नाही. त्यानंतरही गेली, तेव्हा मुकादमाने सांगितलं की मालक भाषण पाठ करताहेत. तिकडे बाजारात हवा तापायला लागली. पुढाऱ्यांना घालवल्यावर गावाला आपल्या अंगात फार बळ आल्यासारखं वाटत असतं. पोरं आत्ताच बापांच्या ढाली घासायला लागली होती.

सभा दोन दिवसांवर आली तेव्हा सकाळी मेलिन्ना अंघोळ करून, सगळ्यात भडक शाल घेऊन दारात बसली. रांग होतीच. पहिला आला मिठागरवाला, हातात तारल्यांची जुडी.

"ताई, माझ्या भावाचं काम..."

"होईल, होईल," ती म्हणाली. मी चाट पडले. हे ती कधीच म्हणत नसे. "पण दादा, आधी युद्ध होऊ दे. मी देक्सोनला सांगितलंय, ठराव मांड म्हणून."

"तुम्ही सांगितलंय?"

"मग कोण सांगणार? मला त्या कुरणावर घर बांधायचंय. हवा छान आहे तिथे."

मिठागरवाल्याचं तोंड उघडं राहिलं. तारल्यांची जुडी हातात तशीच घेऊन तो बाजाराकडे पळाला. मग अंजीरवाला आला. त्याला म्हणाली, "तुमचा मुलगा दांडगा आहे ना? त्याला पहिल्या रांगेत उभं करायला सांगते." मग कुंभाराचा मेहुणा, उशावाला. त्याला तर तिने गालाला हात लावून सांगितलं की जिंकल्यावर लुटीतला आरसा मलाच पाहिजे.

मी तिला आत ओढलं. "बाई, डोकं फिरलं का? हे लोक तुला जिवंत ठेवणार नाहीत!"

"ठेवतील. पण माझं ऐकणार नाहीत," ती म्हणाली. "गाव मी चालवते असं म्हणतात ना? मग आज पहिल्यांदा चालवते."

"आणि देक्सोन?"

 ती शालीच्या टोकाला उगाच घड्या घालत राहिली. मग म्हणाली, "तो रागावेल. पण गावातली पोरं घरी राहतील."

सभेच्या दिवशी मी नेहमीप्रमाणे कुंपणाबाहेर. देक्सोन उभा राहिला. नवा अंगरखा, दाढीला बचकाभर तेल. "मेगाराच्या पुरुषांनो," त्याने सुरुवात केली, आणि मागून कोणीतरी बारीक आवाजात ओरडलं, "घर किती खणी बांधायचंय रे?"

सभेत हशा फुटला. "आरसा कोणाला?" "उजवीकडे मत दे!" कोणी डुकरासारखं ओरडायला लागलं. देक्सोनला काहीच कळेना. तो आजोबांपाशी पोचला, ओरडा वाढला. देवांपाशी पोचला, तर लसणीचा गड्डा येऊन त्याच्या कपाळावर बसला. मताला हात वर करा म्हटल्यावर युद्धाच्या बाजूने मोजून त्याचा एकट्याचा हात वर होता, आणि तोही त्याने मध्येच खाली घेतला.

युद्ध टळलं. लोक घरी गेले ते एका बाईचा डाव हाणून पाडल्याच्या आनंदात.

त्या दुपारी आमच्या दारावर कुजकी मासळी पडली. शेजारणी, ज्या आमच्याकडचे अंजीर खाऊन माजल्या होत्या, त्या आमच्या उंबऱ्यावर थुंकून जात. मेलिन्ना रोज सकाळी स्वतः दार धुवायची आणि गल्लीच्या तोंडाकडे बघायची. देक्सोन आला नाही. वाम नाही, पिल्लू नाही, देक्सोन नाही. ती जेवेनाशी झाली. मी पहिल्यांदाच तिला आरशाशिवाय केस विंचरताना पाहिलं.

मग एका दुपारी तो आला. अंगरखा डोक्यावरून घेतलेला, म्हणजे कोणी ओळखू नये, पण असला अंगरखा गावात दुसऱ्या कोणाकडे नव्हता. अंगणात येऊन उभा राहिला.

"तू सगळ्यांना सांगितलंस की युद्ध तुला हवंय."

"हो."

"तुला हवं होतं?"

"नाही."

 देक्सोनला एखादी गोष्ट कळायला किती वेळ लागतो ते आम्हाला माहीत होतं, म्हणून आम्ही थांबलो. मी मध्ये विहिरीवर जाऊन आले. परत आले तेव्हा तो खाली बसला होता आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होता.

"अंजीरवाल्याचा मुलगा काल मला बाजारात भेटला," तो म्हणाला. "मला बघून डुकरासारखा ओरडला. आणि मला वाटलं, हा आत्तापर्यंत मेला असता. माझ्या भाषणाने मेला असता."

"मेला नाही ना," मेलिन्ना म्हणाली. "ओरडू दे."

"तू माझं नाक कापलंस."

"हो. दुसरं काही सुचलं नाही. सुचलं असतं तर तुझं नाक ठेवलं असतं. मला आवडतं ते."

मी स्वयंपाकघरात गेले. तिथून सगळं ऐकू येतं, पण निदान दिसत नाही.

मेगारात राहणं तिला शक्य नव्हतं. तो म्हणाला, मी सगळं सोडून येतो. ती म्हणाली, "तू गावाशिवाय जगशील? तुला कुंभाराच्या मेहुण्याशी रोज भांडल्याशिवाय भाकरी जात नाही." त्याने खूप आढेवेढे घेतले, पण ते खरं होतं आणि दोघांना माहीत होतं. म्हणून ती कोरिंथला गेली, चालत एका दिवसाच्या अंतरावर, आणि मीही गेले.

कोरिंथला आमच्या दारात पहिला पाहुणा कोण आला असेल? थ्रासिलास. गावाबाहेर काढलेला माणूस, ओळखीचं कोणी नाही, सासरचेही येत नाहीत. आला, बसला, आमची दारू प्यायला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही माझा ठराव चोरलात आणि बुडवलात. असं मला आयुष्यात जमलं नसतं." तेव्हापासून तो दर आठवड्याला येतो, मेगाराला शिव्या देतो, मग मेगाराची आठवण काढून डोळे पुसतो. त्याच्याशी मेलिन्नाचं काही नाही. ढालींविषयी तो इतका बोलतो की काही असणं शक्यच नाही. पण मेगारात बातमी गेलीच की ती आता थ्रासिलासला चालवते.

त्यामुळे देक्सोन दर महिन्याला कड्यावरच्या वाटेने चालत येतो. लसणीची माळ खांद्यावर, पायांना धूळ, धाप लागलेली. सभेत तो आता बोलत नाही, नुसता बसतो, आणि कारंज्याचा नळ पुन्हा फुटला तेव्हा स्वतःच्या खर्चाने गवंडी लावून मोकळा झाला.

मागच्या खेपेला आला तेव्हा थ्रासिलास आत होता. देक्सोन दारातच थबकला.

"तो इथे रोज असतो?"

"नाही रे," मेलिन्ना म्हणाली. "आधी पाय धू. मी आत्ताच फरशी पुसून घेतलीय."

"मी काय विचारतोय?"

"आणि मी काय सांगतेय?"

त्याने पाय धुतले. मग दोघे पुरुष समोरासमोरच्या पलंगांवर आडवे झाले आणि कुरणाच्या हद्दीवरून जे भांडायला लागले ते वाम शिजून येईपर्यंत थांबले नाहीत. मेलिन्ना माझ्याकडे बघून म्हणाली, "वाजव गं काहीतरी, मोठ्याने," आणि वामीचा सगळ्यात चांगला तुकडा तिने आधी स्वतःच्या ताटात घेतला.